आमचं पिस्तूल पोलिसांच्या होल्स्टरमध्ये बसेपर्यंत : माझा अनुभव

पंचवीस यार्डांवरून मारलेल्या पाच गोळ्या, आणि कागदावर जेमतेम एक फाटकं भोक. तो कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो होतो. समोर बसलेल्या पोलीस रेंजमास्तरनं त्याकडे पाहिलंही नाही. पिस्तूल हातात घेतलं, रिकामं आहे याची खात्री केली आणि विचारलं, "नळीखाली लाइट लावल्यावर याला होल्स्टर कुठलं बसतं?"

मला उत्तर देता येईना. सप्टेंबर २०२० मधली ही गोष्ट. परत येताना गाडीत मी आणि आमचा सेल्सवाला, दोघंही गप्प होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं चार लेथचं वर्कशॉप, त्यामुळे कुलंटच्या वासातच लहानाचा मोठा झालो. अमेरिकेत एमएस केलं, काही वर्षं ऑइलफिल्डच्या पार्टांच्या कंपनीत काढली आणि ग्रीन कार्ड हातात पडल्यावर मध्य टेक्सासमधल्या एका लहान पिस्तूल कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर म्हणून लागलो. ग्रीन कार्डाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण बरेच जण विचारतात. त्या काळात एच-१बीवरच्या माणसाला सरकारी परवान्याशिवाय पिस्तुलाचं ड्रॉइंग दाखवणंसुद्धा गुन्हा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं चाळीसेक, एवढं सांगितलं तरी पुरे.

आम्ही बनवायचो ती स्पर्धेची पिस्तुलं. ऑलिंपिकमधली, आपल्या राही सरनोबतच्या हातात दिसतात तशी नव्हेत. ही यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या सामन्यांची. तिथे घड्याळ लावून पळायचं, पळता पळता पुठ्ठ्याची आणि लोखंडाची टार्गेट्स पाडायची, आणि गुण भागिले वेळ असा हिशेब. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले हजार, याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १६५ च्या वर गेला तर 'मेजर'. मेजरवाल्याला टार्गेटच्या कडेच्या भागात लागलेल्या गोळीचेही जास्त गुण मिळतात. त्यासाठी नेमबाज काडतुसं घरीच भरतात. म्हणजे आमचं गिऱ्हाईक कारतुसाच्या टोपीपासून स्प्रिंगपर्यंत सगळ्यात बोट घालणारं. ट्रिगर ओढायला दोन पौंडांऐवजी सव्वादोन पौंडांचा जोर लागला तर रविवारी सकाळी फोन.

पिस्तुलाचा घाट जुनाच, शस्त्रकार जॉन ब्राउनिंगनं घडवलेला, '१९११' नावाचा. फक्त मॅगझिनमध्ये गोळ्या दोन ओळींत. फ्रेमचा वरचा भाग धातूचा आणि खाली पॉलिमरची मूठ स्क्रूनं जोडायची, ही युक्ती १९९० च्या दशकात टेक्सासच्याच एसटीआय कंपनीनं आणली आणि त्याला '२०११' म्हटलं. एसटीआयचा सगळा लौकिक सामन्यांच्या मैदानावरचा. त्याच कंपनीनं २०२० मध्ये आपलं नावच बदलून स्टॅकॅटो केलं आणि जाहिरातीत सामन्यांच्या जर्सीवाल्यांच्या जागी गणवेशातली माणसं आणली. त्याआधी यूएस मार्शल्स या केंद्रीय पोलीस दलाच्या स्पेशल ऑपरेशन्स ग्रुपनं त्यांचं पिस्तूल घेतलं होतं. आमच्या मालकांनी ती बातमी छापून कॉफी मशीनच्या वर चिकटवली. त्याखाली काहीही लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं.

त्याच वर्षी मार्चपासून कोविडमुळे सामने धडाधड रद्द होत होते. पण खरं कारण त्याहून जुनं. चार हजार डॉलरचं सामन्याचं पिस्तूल घेणारे लोक मोजके, आणि एकदा घेतलं की ते दहा वर्षं वापरतात. पोलिसांचं गणित वेगळं. पोलिसाच्या कमरेला जे दिसतं ते सामान्य माणूस दुकानात जाऊन मागतो. १९८० च्या दशकात ग्लॉक या पिस्तूल कंपनीनं अमेरिकेत हेच केलं : खात्यांना स्वस्तात दिलं आणि बाहेर खोऱ्यानं ओढलं.

मुहूर्त मात्र भलता निघाला. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला होता, देशभर मोर्चे चालू होते. ऑगस्टमध्ये ऑस्टिनच्या नगरपरिषदेनं पोलिसांच्या बजेटला सुमारे एक तृतीयांश कात्री लावायचा ठराव केला. आणि आम्ही म्हणतोय, आता पोलिसांना विकू! आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या मावशीनं सरळच विचारलं, "अरे, इतके दिवस पुठ्ठ्यावर मारायचं बनवत होतास ते बरं नव्हतं का?" मी उत्तर टाइप केलं, खोडलं, शेवटी हात जोडल्याचा इमोजी टाकला. आजही माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

होल्स्टरचा प्रश्न सोपा वाटला होता, पण सहा महिने त्यातच गेले. पोलिसाचं होल्स्टर म्हणजे नुसती म्यान नव्हे. झटापटीत दुसऱ्यानं पिस्तूल उपसू नये म्हणून त्याला दोन-तीन कुलपं असतात. ती विशिष्ट पिस्तूल, विशिष्ट लाइट आणि वरचं रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम दाखवणारी काच) अशा जोडीलाच बसतात. होल्स्टरवाला म्हणतो, तुमची हजारो पिस्तुलं खपत असतील तर साचा काढतो. खातं म्हणतं, होल्स्टर असेल तर पिस्तूल बघतो. शेवटी आम्ही हट्ट सोडला आणि फ्रेमचा पुढचा भाग बाजारात आधीपासून मिळणाऱ्या होल्स्टरला बसेल असा बदलला. सामनेवाल्यांची आवडती ती मुठीच्या तळाची, मॅगझिन झटकन आत सरकवायची भलीमोठी फनेलही गेली. गस्तीच्या गाडीत बसताना ती सीटबेल्टात अडकते.

त्यानंतर पडण्याची चाचणी. रिकाम्या केसमध्ये जिवंत प्रायमर (पिनच्या ठोक्यानं पेटणारी टोपी), ती केस चेंबरमध्ये, आणि पिस्तूल चार फुटांवरून रबराच्या चटईवर वेगवेगळ्या बाजूंनी आपटायचं. प्रायमर वाजता कामा नये. आमच्या पिस्तुलात फायरिंग पिनला अडवणारा वेगळा खटका नव्हता, त्यामुळे तोंडावर पडलं की पिन आपल्याच वजनानं पुढे धावते. उपाय माहितीचा होता : टायटॅनियमची हलकी पिन आणि तिला मागे रेटणारी कडक स्प्रिंग. केलं. चाचणी पास झाली, पेढे वाटायचेच बाकी होते. मग पोलिसांची कारतुसं घालून पाहिली तर शंभरात दोन-तीन वाजेनात. आमची सामनेवाली मंडळी मऊ प्रायमर निवडून वापरतात, हा आजार आम्हाला कधी दिसलाच नव्हता. पिन हलकी, घोड्याचा ठोसाही हलका, कारण ट्रिगर मऊ राहावा म्हणून आम्ही मेनस्प्रिंग १७ पौंडांची घालत आलो होतो. ती मूळ १९११ सारखी २३ ची केली. गोळ्या वाजायला लागल्या, ट्रिगर साडेचार पौंडांवर गेला. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकानं तो ओढून पाहिला आणि म्हणाला, "हे स्टेपलर आहे." रेंजमास्तरनं तोच ओढून पाहिला, तर त्याला तो फार हलका वाटला.

पण खरी दमछाक झाली ती अदलाबदलीच्या चाचणीत.

आमच्याकडे एक साठी उलटलेला फिटर होता. मी मनातल्या मनात त्याला मिस्त्री म्हणायचो. हातात बारीक कानस, कपाळावर भिंग. १९११ ची थंब सेफ्टी, म्हणजे अंगठ्यानं लावायचा सुरक्षेचा खटका, ही गोष्टच अशी की पेटीतून काढली आणि बसवली असं होत नाही. तिच्या आतल्या बाजूला एक छोटासा उंचवटा असतो, तो बरोबर सिअरला, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या तुकड्याला, टेकला पाहिजे. जास्त असला तर सेफ्टी वर चढत नाही. कमी असला तर चढते, पण अडवत काहीच नाही, आणि हे जास्त भयंकर. मिस्त्री दोन घास कानस मारायचा, बसवायचा, अंगठ्यानं वर-खाली करायचा, कान जवळ नेऊन ऐकायचा, पुन्हा काढायचा. एका पिस्तुलाला वीस मिनिटं. आम्ही चार हजार डॉलर घेत होतो ते याच वीस मिनिटांचे आणि अशाच आणखी दहा-बारा कामांचे.

खात्याच्या आर्मररला हे कसं चालणार? तो गस्तीवरून इकडे आलेला पोलीस, दोन दिवसांचा कोर्स केलेला आणि तीनशे पिस्तुलं सांभाळणारा. सेफ्टी तुटली तर पाकिटातून नवी काढून बसवायची, एवढंच त्याचं काम. त्यानं आमची दहा पिस्तुलं मागवली, टेबलावर सगळी खोलली, सुटे भाग ट्रेमध्ये ओतले आणि चक्क हातानं कालवले. भेळ कालवतात तसे. मग म्हणाला, "आता जोडा."

दहापैकी तीन जुळली. उरलेल्या सातांपैकी चारांत सेफ्टी चढेना. दोनांत चढली, पण ट्रिगर ओढला की घोडा पडत होता. दहाव्यात तर पिनच भोकात जाईना. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. खिशातली कानस काढायला त्याचा हात दोनदा गेला, मी पाहिलं.

पुढचे चौदा महिने मी भोकांच्या मागे होतो. सिअरची पिन, घोड्याची पिन आणि सेफ्टीची पिन, फ्रेममधल्या या तीन भोकांची एकमेकांपासूनची अंतरं अर्ध्या थाऊच्या फरकात हवीत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचं जुनं फिक्स्चर (भोकं पाडताना फ्रेम पकडून ठेवणारा साचा) दोन-तीन थाऊ इकडेतिकडे जायचं, ती चूक मिस्त्री कानशीनं झाकायचा आणि आम्हाला पत्ताच नसायचा. फिक्स्चर नवं केलं. सेफ्टीचा तो उंचवटा किती ठेवायचा, हा प्रश्न मात्र ड्रॉइंगवरून सुटेना, कारण ड्रॉइंगवर तिथे माप नव्हतंच. 'फिटिंगच्या वेळी' असं लिहिलेलं.

शेवटी मी मिस्त्रीनं बसवलेल्या वीस सेफ्ट्या कपाटातल्या पिस्तुलांतून काढून मोजायच्या यंत्राखाली ठेवल्या. प्रत्येकीत सिअरपासूनचं अंतर काढलं. विसांपैकी अठरांत फरक एका थाऊपेक्षा कमी. कान लावून ऐकणारा माणूस इतकी वर्षं तेच माप काढत होता. आम्ही ते लिहून घ्यायचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच. तो आकडा मी ड्रॉइंगवर टाकला. मिस्त्रीला दाखवल्यावर तो बराच वेळ कागद धरून उभा राहिला. मग विचारलं, "त्या दोन कुठल्या?" मी नंबर सांगितले. "सोमवार असणार," म्हणाला.

फोनवर आण्णांना (वडिलांना) हे सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न, "मग त्या मिस्त्रीचं काय केलासा?" काढलं नाही. सामन्यांची पिस्तुलं आम्ही अजून बनवतो, ऑर्डर घेऊन, थोडी. त्याचं टेबल मागच्या खोलीत गेलं, खिडकीजवळ. तो खूश आहे असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्यांदा ट्रे कालवला तेव्हा दहाच्या दहा जुळली. मग पाच हजार गोळ्यांची चाचणी राहिली होती आणि गोळ्या अजून महागच होत्या. नऊ मिलिमीटरच्या गोळीला आधीपेक्षा बरेच जास्त मोजून आम्ही दुकानं पालथी घातली. चाचणी घेतली हातमोजे घालून, डाव्या हातानं, मॅगझिन डांबरावर आपटून. यातलं फार सांगण्यासारखं नाही. मॅगझिनचे ओठ वाकतात हे कळलं, ते जाड केले.

२०२३ च्या वसंतात खात्याचा मेल आला. लोकांना वाटतं, मंजुरी म्हणजे ट्रक भरून ऑर्डर. तसं नसतं. आम्ही 'परवानगी असलेल्या' पिस्तुलांच्या यादीत आलो होतो. ज्याला हवं त्यानं स्वतःच्या पैशानं घ्यावं, आधी सेफ्टीच्या सवयीसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. कारण सगळे ग्लॉकवर शिकलेले, अंगठ्यानं सेफ्टी खाली करायची सवयच नाही. ग्लॉक खात्यातर्फे फुकट, आमचं पोलीस सवलत देऊनही दोन हजारांच्या वर.

चौदा जणांनी नावं दिली, बहुतेक स्वॉट या पोलिसांच्या खास पथकातले. त्यात चार डावखुरे निघाले. चौदात चार! डाव्या हाताची होल्स्टरं यायला आणखी नऊ आठवडे लागले.