ईसीजीत एसटी वर दिसत नाही म्हणून अटॅक नाही?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा. आमच्याकडे तो निघतो, सिस्टर केसपेपरसाठी अडून बसत नाहीत. घोडं अडतं ते मोठ्या रुग्णालयाच्या फोनवर.

परवाचे काका पन्नाशीतले. "पित्त झालंय, इंजेक्शन द्या," म्हणत आले, पण सदरा घामाने चिंब. ईसीजीत छातीवरच्या व्ही१ ते व्ही४ लीड्समध्ये (वायरी लावायच्या ठरलेल्या जागा) एसटी, म्हणजे आर आणि टी या लाटांमधला रेषेचा भाग, खाली; व्ही२ मध्ये आर उंच आणि टी उलटी नाही, वरच्याच दिशेला. हृदयाच्या मागच्या भिंतीला अटॅक आला की पुढच्या लीड्समध्ये असंच उलटं चित्र दिसतं. अ‍ॅस्पिरिन चघळायला देऊन फोटो पाठवला.

पलीकडून उत्तर : "एसटी एलिव्हेशन कुठंय? ट्रोपोनिन करा, रिपोर्ट आला की बोलू." ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. अहो, दुखायला लागून तास झालेला, एवढ्यात ट्रोपोनिन निगेटिव्हही येईल! मग फोन दुसऱ्याकडे. पुन्हा नाव, वय, गाव. मग "होल्ड करा". इकडे काका कण्हतायत आणि त्यांचा मुलगा माझ्या तोंडाकडे बघतोय.

फोन कानाला धरूनच वॉर्डबॉय मामांना काकांना कुशीवर वळवायला सांगितलं. व्ही४, व्ही५, व्ही६च्या वायरी काढून व्ही६च्याच पातळीत पाठीकडे लावल्या : काखेच्या मागच्या रेषेवर, खवाट्याच्या टोकाखाली आणि मणक्याशेजारी. इथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असली तरी पुरते; काकांची चांगली एक मिलिमीटर होती. मशीन मात्र व्ही४, व्ही५, व्ही६च छापतं, म्हणून पेनाने व्ही७, व्ही८, व्ही९ लिहा, नाहीतर पुढचा डॉक्टर फसतो.

हा फोटो गेल्यावर सूर बदलला. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्यासारखी नव्हती, म्हणून पूर्वीचा स्ट्रोक, रक्तस्राव, ऑपरेशन विचारून घेतलं, गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस इथेच दिलं आणि १०८ने रवाना केलं.

हो, आणखी एक. एसटी दोन, तीन, एव्हीएफ या लीड्समध्ये (हृदयाची खालची बाजू) वर असेल तर सॉर्बिट्रेट ही जिभेखालची गोळी देण्याआधी छातीच्या उजवीकडचा व्ही४आर काढा; हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकच्या तडाख्यात आला असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं. ईसीजी नॉर्मल पण दुखणं चालूच, तर १५-३० मिनिटांनी पुन्हा काढा. मशीनने छापलेल्या निदानावर विसंबू नका.

हल्ली मी पाठीचा ईसीजी फोनच्या आधीच काढतो आणि दोन्ही कागद एकाच फोटोत पाठवतो. ट्रोपोनिन विचारणारे तरीही विचारतातच.