फोटो हलला

काल दुपारी जेवून जरा आडवा झालो तर अंगणातून टिक टिक टिक आवाज. बघतो तर गाडीच्या आरशावर शिंजीर, आरशातल्या शिंजीराशी भांडण चाललेलं. चोच मारायचा, घसरायचा, परत हँडलवर चढायचा, मग आरशाच्या मागं जाऊन बघायचा की हा गडी लपलाय कुठं. परवाच आरशाला मोजा घातला होता, वाऱ्यानं पडला वाटतं. कॅमेरा आणेपर्यंत साहेब जास्वंदीवर. आरशासमोर अर्धा तास, माझ्यासमोर अर्धा सेकंद.

वजन म्हणाल तर जुन्या जाड पाच रुपयाच्या नाण्याएवढं, ९ ग्रॅमच्या आसपास. आणि जास्वंदीचा मध समोरून प्यायचा सोडून फुलाच्या बुडाला भोक पाडून पितो, चोर तो चोर वर शिरजोर. सावलीत बसला की नुसता कोळशाचा तुकडा, पण मान वळवली आणि ऊन बरोबर पडलं की जांभळा, निळा, मधेच हिरवट झाक. नेमका त्याच वेळी माझा फोकस मागच्या पानावर. पान मात्र काय आलंय म्हणता, शिरा मोजून घ्या.

एक मित्र हिवाळ्यात पैठणला जातो, नाथसागरावर, रोहित पक्षी काढायला. चांगले चार फूट उंच, पाण्यात मान घालून निवांत उभे, ते कुणालाही जमंल. (जळतो, मान्य आहे.) मला बारकीच पाखरं लागतात, वटवट्या, शिंपी, गप्पीदास. एकदा वटवट्यासाठी बाभळीखाली पोटावर पडलो होतो, शेजारच्या शेतातले मामा बैलं घेऊन चालले होते ते थांबले. "काय हारवलं का?" म्हणलं नाही मामा, पाखराचा फोटो काढायलोय. "कंचं?" दाखवलं. "ह्ये व्हय! मोराचा काढावा की मग." तेवढ्यात वटवट्या पसार.

असे रिकाम्या फांद्यांचे दीड-दोनशे फोटो आहेत लॅपटॉपवर, डिलीट करवत नाहीत. कुठल्या फांदीवर कोण होतं ते सगळं मला आठवतं. बायको म्हणते, झाडं छान येतात तुमची.

आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घरात आजोबांचा फोटो खिळ्याला पुढं झुकवून टांगलेला होता, तशा सगळ्यांकडंच असायचे, आणि मागच्या सांदीत चिमण्यांचं घरटं. गवत, कापूस, आजीच्या लुगड्याची एखादी चिंधी खाली लोंबत असायची. दिवाळीला घर सारवायचं तेव्हा काढून टाकू म्हणलं तर आजी हात लावू द्यायची नाही, आधी पिल्लं उडू द्या म्हणायची. काचेवर बरोबर आजोबांच्या फेट्यापाशी पांढरं पडायचं. पदरानं पुसत म्हणायची, "जित्तेपणी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आता घ्या."

आजी गेली तेव्हा लावायला तिचा फोटो सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी चुलत बहिणीच्या लग्नाच्या अल्बममधे एक निघाला, कडंला बसलेली, पण फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि ही कुणाला तरी पाणी द्यायला उठायलेली. हातात तांब्या. तांब्या झकास आलाय, चेहरा हललेला. स्टुडिओवाला म्हणाला चेहरा जेवढा होतो तेवढा साफ करतो, खाली दुसरं धड लावून देतो, भरजरी साडीतलं, सगळे असंच करतात. वडील नको म्हणाले.

तसाच लावलाय, तांब्यासकट. आता घर स्लॅबचं आहे, फ्रेम भिंतीला चपटी बसते, मागं बोटसुद्धा जात नाही.