आतड्याची स्लाइड

आज फर्स्ट एमबीबीएसच्या पोरांना लहान आतड्याच्या स्लाइड्स दाखवल्या. दरवर्षीचंच काम, तरी चाळीसच्या लेन्सखाली व्हिलाय (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) आले की मीच जरा जास्त वेळ डोळा लावून बसते. मधेमधे पांढुरकी भोकं दिसतात त्या गॉब्लेट पेशी. आत म्युकस (चिकट स्राव) असतो, तो एच अँड ई या नेहमीच्या रंगाला दाद देत नाही. पीएएस हा दुसरा रंग लावा, लगेच किरमिजी उठून दिसतात.

मुलं खरी चमकली ती दुसऱ्याच गोष्टीने. व्हिलायच्या बुडाशी क्रिप्ट, म्हणजे छोटे खळगे असतात, तिथे नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. सगळा प्रवास 3 ते 5 दिवसांचा. म्हणजे गेल्या रविवारी ज्या अस्तराने श्रीखंड-पुरी पचवली, ते आज अंगात नाहीच! पॅनेथ पेशी मात्र उलट्या खाली उतरतात आणि कितीतरी आठवडे तिथेच ठाण मांडतात. लालभडक दाणे, त्यात जंतू मारणारं लायसोझाइम.

"आतड्याचं टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ ना मॅडम?" एकाने ऐकवलंच. बाबा रे, 2014 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट हिशोब केला, तर सगळी पचननलिका मिळून 32 चौरस मीटरच्या आसपास भरली.

व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) लहान आतड्याचे भाग ओळखायला एवढं लक्षात ठेवा: सबम्युकोसात (अस्तराखालच्या थरात) ब्रुनर ग्रंथी असल्या तर ड्युओडेनम म्हणजे पहिला भाग, पायर पॅचेस (लिम्फ पेशींचे पुंजके) दिसले तर इलियम म्हणजे शेवटचा, दोन्ही नसतील तर जेजुनम म्हणजे मधला. आणि कृपा करून आधी लो पॉवरवर बघा रे.