संघाच्या तपासणीत आकडा बिघडतो कुठे

पेठेतला वाडा असो की कोथरूडची सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघाची बीपी-शुगर तपासणी बहुतेक सकाळीच असते. आकडे वहीत उतरतात आणि त्या वहीवरून पुढे गोळ्या बदलतात. त्यामुळे आकडा चुकला तर नुसती वही खराब होत नाही.

घोळ आदल्या दिवशीच्या फलकापासून सुरू होतो. ‘उपाशीपोटी यावे’ एवढंच लिहिलं की काही जण बीपीची गोळीही घेत नाहीत आणि १७०-१८० घेऊन येतात. काही जण उलट सगळ्या गोळ्या घेऊन रांगेत बसतात. त्यात ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी असेल तर ही दुसरी मंडळी जास्त धोक्यात: गोळी पोटात, अन्न नाही, आणि नऊ वाजले तरी नंबर नाही. फलकावर असं लिहा: बीपीची रोजची गोळी पाण्यासोबत घ्या, शुगरची गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन सोबत आणा, रक्त दिल्यावर नाश्त्याच्या वेळी घ्या, चहा, तंबाखू, मशेरी अर्धा तास आधीपासून नको.

बीपी घेताना घाई नडते. जिना चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधू नका. लघवीला जाऊन येऊ द्या, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसू द्या. पायावर पाय नको, गप्पा तर नकोतच (हे पुण्यात जमवणं सर्वांत अवघड). पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर; हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून मोठा पट्टा हवाच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नका. डॉक्टरांनी हाताने मोजावं.

उभ्याचं बीपी मात्र क्वचितच कुणी घेतं. माणसाला उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पहाटे बाथरूमला जाताना चक्कर का येते ते कळतं. बसून १४० दिसतंय म्हणून अशा माणसाची गोळी वाढवली, तर पडून खुबा मोडायचा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. जुनी चिठ्ठी बघा.

शुगरसाठी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुकतंच केळं सोललेल्या बोटावर नसलेली शुगर दिसते. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. थेंबासाठी बोट पिळू नका. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. सुई प्रत्येकाला नवी, वापरलेली जाड डब्यात. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी.

बारीक माणसाला ‘तुम्हाला कशाला शुगर’ म्हणून परत पाठवू नका. हातपाय काटकुळे पण पोट सुटलेलं, अशा भारतीय शरीरठेवणीवर पुण्याच्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं काम केलंय. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे असेल तर तेही लिहा.

टेबलावर साखरेचा डबा आणि पाणी हवंच. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, आणि शुगर ७० च्या खाली: तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, सुधारल्यावर पोळी-भाजी. बीपीच्या काही गोळ्यांनी छातीची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

बीपी १८०/१२० च्या पुढे आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर थेट रुग्णालय. काही नसेल तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे. आणि शेजारच्या काकांकडची गोळी जिभेखाली ठेवून बीपी एकदम पाडायचा उद्योग कुणी करू नये, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.