म्हाडाची वाट बघू, की गुंठेवारीत प्लॉट घेऊ?

सांगली-मिरजेत भाड्यानं राहणारी, महिना वीस-पंचवीस हजारांत घर चालवणारी माणसं आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. गुंठेवारी म्हणजे परवानगी न घेता शेतजमिनीचे गुंठा-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट. म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, सोडतीचा फॉर्म जरूर भरा, पण तिच्या भरवशावर थांबू नका. प्लॉट घेणार असाल तर जागा बघायच्या आधी कागद बघा. परवडण्याचं सगळं गणित त्या कागदावर आहे.

सोडतीचं आधी. सांगली म्हाडाच्या पुणे मंडळाखाली येते, आणि त्या सोडतीतली बहुतेक घरं पुणे-पिंपरीकडची असतात. मोठ्या प्रकल्पातली वीस टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची सक्ती प्रामुख्यानं दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत आहे. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. म्हणजे इथल्या बिल्डरवर ती सक्ती नाहीच, मग घरं येणार कुठून? तरी फॉर्म भरायचाच असेल तर आपल्याकडं अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला साडेचार लाख आहे, आणि त्यात नवरा-बायको दोघांचं उत्पन्न धरतात. अधिवास दाखला आधीच काढून ठेवा.

आता प्लॉट. अर्धा गुंठा म्हणजे साधारण 544 चौरस फूट. त्यावर 30 चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर सहज बसतं, भिंती धरून 380 चौरस फूट. बांधकाम दोन हजार रुपये फुटानं धरलं तर साडेसात लाखांच्या आसपास. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको. उरले पाच लाख. खरेदीखत, सातबारा आणि बांधकाम परवाना असेल तर गृहकर्ज मिळतं. नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता येतो 5,070 रुपये. हातात नुसती नोटरी, म्हणजे नोंदणी न झालेला कागद, असेल तर तारण होत नाही, अनुदानाचा अर्जही अडतो. मग तेच पाच लाख अठरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी उचलावे लागतात आणि हप्ता होतो 12,700. पंचवीस हजारांतून तो फेडणारं घर वर्षभरात मेटाकुटीला येतं. नोटरीचा प्लॉट लाखभरानं स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हे दोन हप्ते शेजारी शेजारी लिहून बघावेत.

नोटरीनं मालकी बदलत नाही. घरपट्टीच्या पावतीनंही नाही; महापालिका बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लावते. मग बघायचं काय? सातबारा, आणि त्याच्या मागचे तीस वर्षांचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. गुंठेवारीत एकाच गटाच्या उताऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात, त्यात मूळ मालकाच्या वारसांची असतात. विकणारा भाऊ सही करतो, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणींचं नाव राहून जातं, आणि दहा वर्षांनी नोटीस येते. सगळ्या वारसांच्या सह्या मागा, लाजू नका. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, असं लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या.

त्यानंतर तारीख. गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट त्यात नियमित करता येतात. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला ‘गुंठेवारी होऊन जाईल’ असं एजंट सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. तुकडेबंदीचा कायदा वेगळा, तो जमिनीचे ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकू देत नाही. त्यात अडकलेल्या जुन्या व्यवहारांसाठी 2025 च्या अखेरीस शासनानं वाट मोकळी केली आहे: 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे, शहरी हद्दीतले व्यवहार अधिमूल्य (नियमित करण्याचं जादा शुल्क) न घेता नियमित होतात. पण नोटरीवाल्यांना मुद्रांक आणि नोंदणी फी भरून दस्त करावाच लागतो. आधीच प्लॉट घेऊन बसलेल्यांनी हे काम याच वर्षी उरकावं, कारण विकणारा म्हातारा होतो, मरतो, आणि एका सहीच्या जागी सात सह्या लागतात.

आणि पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत ते सगळ्यांत आधी शिरतं. शामरावनगरात नदी शांत असतानाही पावसाचं पाणी साचून राहतं. नगररचना विभागातून गट नंबर देऊन झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय लेखी घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी मिळत नाही, तो प्लॉट फुकट मिळाला तरी सोडा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर घ्यावं लागतं. जमीन सहा फूट खाली असेल तर साडेसात फूट भराव आला. 380 चौरस फुटांना 28 ब्रासच्या वर मुरूम, दाबून बसला की आणखी, शिवाय भोवतीचं दगडी बांधकाम. अनुदान तर कामाचा टप्पा पूर्ण होऊन जिओ टॅगचा (जागेचं ठिकाण नोंदलेला) फोटो गेल्यावरच मिळतं, म्हणून हा सगळा खर्च आधी पदरचा. बरीच घरं जोत्यावरच अडून राहतात ती यामुळं.

फ्लॅट जमत असेल तर हिशोब सोपा: बांधकाम चालू असलेल्या, 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटरपर्यंतच्या फ्लॅटला जीएसटी एक टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला शून्य. महापालिका हद्दीत मुद्रांक सहा टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर पाच. पंचवीस लाखांच्या घरात तेवढेच पंचवीस हजार वाचतात.

इसार द्यायचा तो चेकनं आणि थोडाच. मोठी रक्कम नोंदणीकृत साठेखतानंतर (विक्रीच्या करारानंतर), शेवटची खरेदीखताच्या दिवशी. त्याआधी भूमी अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि हद्दीचे दगड शेजाऱ्यांसमोर बसवून घ्या. खरेदीनंतर फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती संपली की पुन्हा उतारा काढा आणि आपलं नाव, क्षेत्र, गट नंबर तिन्ही जुळतात का ते दस्त शेजारी ठेवून तपासा.