आजोबांची ट्रंक
आजोबांना जाऊन आज एक वर्ष झाले, म्हणून दुपारी आम्ही त्यांची लोखंडी ट्रंक प्रथमच उघडली. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढलेल्यांना मिळालेले ‘पूर्वी स्टार’ हे पदक एका मोज्यात गुंडाळून तळाशी ठेवलेले होते, आणि अगदी वर, सहज हाताशी येतील अशी, ५६ ए.पी.ओ. या लष्करी टपालाच्या पत्त्यावर आजीने पाठवलेली पत्रे तारखेच्या क्रमाने बांधलेली होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या, त्या दिवसाविषयी विचारले की ते एवढेच सांगत, की आपण जिवंत असल्याचे घरी कसे कळवावे याच विवंचनेत ते होते. लढाईच्या गोष्टी ऐकण्याचा माझा हट्ट त्यांनी कधीच पुरवला नाही (लहानपणी मला त्याचा रागही येई). मात्र आईने टाकलेल्या पहिल्या पावलांचे वर्णन, जी त्यांनी स्वतः पाहिलीच नव्हती, ते आजीच्या शब्दांत जसेच्या तसे ऐकवत. ते पत्र आज सापडले. त्याच्या घड्या पार विरल्या आहेत. आईने ते वाचायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीवर ती थांबली. पुढचे मी वाचले.