रेसिड्युअलमधली कमान अखेर सरळ झाली

मागच्या नोंदीपासून छळणारी, रेसिड्युअलच्या (प्रत्यक्ष संख्या आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाच्या) आलेखातली कमान आज गेली! रात्री दिव्याजवळच्या पडद्यावर येणाऱ्या पतंगांच्या रात्रवार संख्येचं तेच मॉडेल. प्वासाँ (विचरण सरासरीइतकंच धरणारं मोजणीचं मॉडेल) केव्हाच बाद झालं होतं. जास्त विचरणाला वाव देणाऱ्या निगेटिव्ह बायनॉमियलने पिअर्सनचं गुणोत्तर (प्रत्यक्ष विखुरणं भागिले अपेक्षित) १ च्या जवळ आणलं, रूटोग्रामही (प्रत्यक्ष आणि अपेक्षित वारंवारतांची तुलना करणारा आलेख) छान बसला. तरी अंदाजासमोर रेसिड्युअल मांडले की मधे फुगवटा आणि दोन्ही टोकांना उतार.

आधी वाटलं, नजरेचा भास असेल. संख्या लहान असल्या की पिअर्सन रेसिड्युअल (अपेक्षित विखुरण्याने भागलेला फरक) ०, १, २ अशा वेगवेगळ्या वक्ररेषांवर बसतात आणि डोळ्यांना नसलेले आकार दिसतात. म्हणून डन आणि स्मिथ यांचे (१९९६) क्वांटाइल रेसिड्युअल काढले; मॉडेल बरोबर असेल तर ते प्रसामान्य वितरणासारखे पसरतात आणि या वक्ररेषा उरत नाहीत. त्यात यादृच्छिकता असते, म्हणून यादृच्छिक आकड्यांचं बीज बदलत पुन्हापुन्हा काढले. कमान दर वेळी हजर! झीरो-इन्फ्लेशनचा (जास्तीच्या शून्यांसाठी मॉडेलमध्ये वेगळा भाग घालण्याचा) मोह झाला, पण मॉडेलमधून सिम्युलेट केलेली शून्यं खऱ्या शून्यांइतकीच निघाली. तो रस्ता बंद.

मग रेसिड्युअल एकेका चलासमोर मांडले. तापमान सपाट, वारा सपाट, चंद्रप्रकाशही सपाट. निरभ्र आणि ढगाळ रात्री वेगळ्या रंगवल्या आणि चित्र उघडं पडलं: निरभ्र रात्री चांदणं वाढेल तसे रेसिड्युअल खाली, ढगाळ रात्री वर. दोन्ही उतार एकमेकांना खोडत होते. मॉडेल चांदण्याचा परिणाम सगळीकडे सारखाच धरत होतं, त्यामुळे निरभ्र पौर्णिमा आणि ढगाळ अमावास्या या दोन्ही टोकांना अंदाज जास्त येत होता. चांदणं गुणिले ढग ही संज्ञा घातली आणि ठिपके सपाट पसरले. किती वेळ नुसता बघत बसलो!

शिवाय अल्फाही (निगेटिव्ह बायनॉमियलमधलं जादा विखुरण्याचं माप) चांगलाच उतरला. म्हणजे इतके दिवस ही उणीव अल्फाच्या पोटात जात होती आणि गुणोत्तर १ दाखवून मला निर्धास्त करत होती. निगेटिव्ह बायनॉमियल वापरणाऱ्यांनो, हे जरूर तपासा.

रेसिड्युअल तपासणारं R मधलं डार्मा (DHARMa) पॅकेज मला फार आवडतं, पण त्यातल्या लाल पी-मूल्यावर निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. विदा भरपूर असली की क्षुल्लक विचलनही लाल होतं.

पुढे दिव्याच्या तासांचा ऑफसेट (गुणांक १ वर पक्का धरलेली संज्ञा) सोडवून त्याचा गुणांक मोकळा ठेवायचा बेत होता. बहुतेक पतंग सुरुवातीलाच येत असतील तर तो १ पेक्षा कमी निघावा. पण हे लिहिताना सुचलं, रेसिड्युअल तारखेनुसार लावलेच नाहीत. लागोपाठच्या रात्री एकमेकींसारख्या असणारच. आधी ऑटोकोरिलेशन (लागोपाठच्या रेसिड्युअलमधला परस्परसंबंध), ऑफसेट नंतर.